औषध गुराला, मरण गिधाडाला, भुर्दंड माणसाला

एखादा पक्षी नाहीसा झाला तर माणसाचे काय बिघडते, या प्रश्नाला आपण बहुधा हळहळ व्यक्त करून उत्तर देतो. २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी ते आकड्यांत दिले. भारतातली गिधाडे संपल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. आकडा धडकी भरवणारा आहे, म्हणूनच तो पारखून घ्यायला हवा. पारखू लागलो की मात्र विषय पक्ष्यांचा राहत नाही. औषधांना परवानगी देताना आपण काय तपासतो आणि काय तपासतच नाही, इथे तो येऊन ठेपतो.

आधी गिधाडे मेली कशाने ते पाहू. १९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिसंशोधक विभू प्रकाश यांना मान टाकून बसलेली, मरणाच्या वाटेवरची गिधाडे दिसू लागली. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. संशय प्रथम विषाणूवर होता. पाकिस्तानातल्या पंजाबात संशोधक लिंडसे ओक्स यांच्या गटाने मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन केले, तेव्हा आतल्या अवयवांवर खडूची भुकटी फासावी तसा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी होऊन साचलेले ते युरिक आम्ल होते. विषाणू, जड धातू, कीटकनाशके यांच्या तपासण्यांतून काही निघेना, तेव्हा त्यांनी माग उलटा काढला: गिधाडे खातात गुरे, मग गुरांना दिले जाते काय? जनावरांचे डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्याकडे चौकशी केल्यावर डायक्लोफेनॅक हे नाव पुढे आले, आपण कंबरदुखीला घेतो तेच. असा थर असलेल्या २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत ते सापडले. थर नसलेल्या १३ पैकी एकाच्याही नाही. हा शोध २००४ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. एका मढ्यावर गिधाडांचा थवा तुटून पडतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे शंभरातले एकही मढे पुरते विषारी नसले तरी एवढी घट होऊ शकते, असे गणित निघाले. प्रत्यक्षात भारतात तपासलेल्या मढ्यांपैकी सुमारे १० टक्क्यांत हे औषध होते.

फ्रँक-सुदर्शन यांनी इथून पुढचा धागा उचलला. पेटंट संपल्यावर हे औषध स्वस्त झाले आणि १९९४च्या सुमारास गोठ्यांपर्यंत पोहोचले. ज्या जिल्ह्यांत गिधाडांचा वावर होता आणि ज्यांत तो फारसा नव्हता, त्यांचे मृत्युदर त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. १९९४ पर्यंत दोन्हींची चाल सारखी होती. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर निदान ४ टक्क्यांनी वर गेला. गावाबाहेर टाकलेली ढोरे तशीच कुजत राहिली. त्यांवर कुत्री पोसली गेली, रेबीजच्या लशीची विक्री वाढली, पाण्यात मैलाजंतू वाढले. भरपूर गुरे असलेल्या शहरी भागांत हा परिणाम सर्वाधिक दिसला. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला एरवी गिधाडांवर सोपवायच्या मृतदेहांसाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले, तेही याच ऱ्हासामुळे.

नव्वदीत तर देशात सगळेच बदलत होते, मग खापर एका औषधावर का, असा आक्षेप कोणीही घेईल. पण उदारीकरण काही गिधाडांचे जिल्हे निवडून आले नव्हते. आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. संशोधकांजवळ गिधाडांच्या जिल्हावार मोजण्या नव्हत्या, वावराचे नकाशे होते. ही उणीव खरीच आहे. मात्र अशा ढोबळ नकाशांनी दोन गटांतला फरक सहसा पुसट होतो, फुगत नाही. मृत्यूचे नेमके कारण आपल्याकडे धड नोंदले जात नसल्यामुळे कुत्र्यांचा वाटा किती आणि पाण्याचा किती हे वेगळे काढता येत नाही. ५ लाख ही काही दगडावरची रेघ नव्हे. तरी आकडा निम्मा केला म्हणून प्रश्न निम्मा होत नाही. शेतकऱ्याची बाजूही आहेच. ऐन पेरणीत बैल लंगडला तर स्वस्त इंजेक्शन त्याने का नाकारावे? नाकारू नये, पण २००६ पर्यंत मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी दाखवले होते.

त्याच वर्षी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. लगेच माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचल्या, म्हणून २०१५ साली बाटली ३ मिलीलीटरवर आणावी लागली. दरम्यान एसिक्लोफेनॅक बाजारात होतेच. ते गुरांच्या शरीरात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच बनते! त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडले. निमेसुलाइडचा नंबर त्याच्याही नंतर लागला. नाव पाहून एकेका औषधावर बंदी घालायची, तोवर दुसरे दुकानात येते. कारण परवाना देताना भर असतो तो औषध गुराला मानवते का यावर. जनावर मेल्यावर त्याला कोण खाणार, हा प्रश्न अर्जातच नसतो. गुरांच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची आधी गिधाडांवर चाचणी घ्या म्हटले की खर्चाची तक्रार होईल. चाचणी अशा मोजक्याच औषधांची लागेल, आणि ती प्रजननकेंद्रांतल्या बंदिस्त पक्ष्यांवर, अगदी थोड्या संख्येने घेता येते. मेलॉक्सिकॅमची तशीच झाली होती. उलट बाजूला फ्रँक-सुदर्शन यांनी मृत्यूंपोटी मांडलेले नुकसान आहे वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर. हा खर्च कोणत्याही औषध कंपनीच्या वहीत चढलेला नाही. म्हणून चाचणीचा भार कंपनीनेच उचलावा, आणि औषध निरुपद्रवी असल्याचे तिने सिद्ध करेपर्यंत परवाना अडवून ठेवावा.