कासव तिरकं पोहायला लागलं तर

बेंगळुरूहून बोलतोय. आजचा विषय कुत्र्या-मांजरांचा नाही, घरात पाळलेल्या कासवाचा, इग्वानाचा आहे.

मागच्या डिसेंबरात नात म्हणाली, "आजोबा, गोट्या तिरका पोहतोय बघा." गोट्या म्हणजे आमचं रेड इअर्ड स्लायडर कासव. मी टाकीत डोकावलो आणि म्हणालो, "थंडी आहे गं, आळसावलाय." जखमी जवानाला पहिल्या तासात हलवायचं, हे आयुष्यभर इतरांना शिकवलं, आणि घरच्या जिवाचे दोन दिवस घालवले. तिसऱ्या सकाळी गोट्या मान ताणून, तोंड उघडून श्वास घेत होता. नाकाशी बुडबुडे.

तो न्यूमोनिया होता. एका फुफ्फुसात पाणी झालं की ती बाजू जड होते आणि कासव कलतं. त्याला आपल्यासारखं खोकून कफ काढता येत नाही. शिवाय हे प्राणी अंगची ऊब बाहेरून घेतात. थंडी वाढली की पचनही मंदावतं आणि प्रतिकारशक्तीही. बेंगळुरू नऊशे मीटर उंचीवर, डिसेंबरात रात्री पारा 15-16 अंशांवर येतो. गोट्याच्या पाण्याला 25 अंशांच्या आसपास ऊब हवी. आमच्या टाकीत हीटरच नव्हता. नागपूर, इंदूरकडे मे महिन्यात उलटं होतं: गॅलरीतल्या उन्हात काचेची टाकी तापते आणि प्राणी आत अक्षरशः भाजून निघतो.

तोंड उघडून श्वास, अंगाला कंप किंवा पाय ओढत चालणं, शेपटीखालून लाल मांस बाहेर येणं, कवच तडकणं, मादीने कळा देऊनही अंडं न येणं (नर नसला तरी अंडी धरतात बरं का): यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कंप बहुधा कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो. "खिडकीतून ऊन येतं की," असं लोक म्हणतात. पण हाडांना लागणारे किरण काचेतून येत नाहीत.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत काय करायचं? भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल, एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. अशक्त पाणकासवाला खोल पाण्यात ठेवू नका, ते बुडतं. बाहेर आलेलं मांस सलाईनने ओलं ठेवा, आत ढकलू नका. तडकलेल्या कवचावर स्वच्छ गॉज बांधा. फेविक्विक लावलंत तर जंतू आत कोंडले जातात. बळजबरीने भरवू नका. आणि कुत्र्याला गोचिडांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला विष आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

थंड पडलेलं, हलत नसलेलं कासव मेलं असं घरच्या घरी ठरवू नका. हृदय इतकं हळू चालतं की हाताला कळत नाही. हात मात्र साबणाने धुवा, साल्मोनेला यांच्या अंगावर असतो. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे.

एक अवघड गोष्ट. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव अनेक घरांत "लक्ष्मी येते" म्हणून लपवून ठेवतात. ते 1972च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, 2022च्या दुरुस्तीनंतर तर पहिल्या अनुसूचीत. पकडले जाऊ या भीतीने लोक आजारी कासव डॉक्टरांना दाखवत नाहीत, आणि ते कपाटामागे मरतं. वनविभागाला कळवा, इथे केंगेरीला पीपल फॉर ॲनिमल्सचं वन्यजीव रुग्णालयही आहे. स्लायडर परदेशी, पण म्हणून तो कंटाळा आला की तलावात सोडायचा नाही. तो आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतो.

पहिल्या दवाखान्यात, नाव घेत नाही, "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" असं ऐकून परत फिरलो. तासभर वाया. तुमच्या गावात सरपटणारे प्राणी कोण बघतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि इंजेक्शन पुढच्या पायात दिलं. मागच्या पायांचं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं, म्हणून पुढच्या, असं त्यांनी समजावलं. पुढचे तीन आठवडे नात गोट्याला धरायची आणि मी टॅक्सीला हात करायचो.

आता टाकीत हीटर आहे, थर्मामीटर आहे. रोज सकाळी नात आकडा वाचून दाखवते आणि मी वहीत लिहितो. विकणारा म्हणाला होता, हे रुपयाएवढंच राहतं. गोट्या सध्या जेवणाच्या ताटलीएवढा आहे.