दाटीतील अव्यवस्था : जालकावरील दांड्यांचे दुसरे प्रावस्थांतर

उसाची गाडी भरावयाची तर मोळ्या एका दिशेनेच रचाव्या लागतात, हा आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यातील नित्याचा अनुभव होय. त्यावरून दाटी वाढली की सुव्यवस्थाही वाढते, असा समज सहज होतो. तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले प्रा. दीपक धर व त्यांचे सहकारी आनंदमोहन घोष यांच्या २००७ सालच्या निबंधाने हा समज अपुरा ठरविला.

चौरस जालकावर लगतचे 'क' बिंदू व्यापणाऱ्या ताठ दांड्या कल्पाव्यात. त्या आडव्या किंवा उभ्या असाव्यात, मात्र एकमेकींवर चढू नयेत. सर्व मान्य मांडण्यांची ऊर्जा सारखीच असल्याने तापमानास येथे काही काम नाही. जे घडते ते मांडण्यांच्या संख्येमुळे, म्हणजे एंट्रॉपीमुळे. विरळ अवस्थेत दोन्ही दिशा समसमान आढळतात. घनता वाढली की दांड्या एका दिशेस वळतात : दिशेचे स्वातंत्र्य गमावून त्या सरकण्याचे स्वातंत्र्य मिळवितात. हा विचार मूळ ओन्सागर यांचा, १९४९ सालचा. जालकावर मात्र त्यासाठी क किमान ७ असावा लागतो.

खरी गंमत पुढेच आहे. क = ७ घेऊन ७० × ७० बिंदूंचा पट पूर्ण भरावा. सर्व दांड्या आडव्या असतील तर भरण्याची रीत एकच. उलट, पटाचे ७ × ७ बिंदूंचे १०० चौकोन पाडून प्रत्येकात सातही दांड्या आडव्या अथवा उभ्या ठेवल्या, तर रीतींची संख्या २ चा १०० वा घात होते, म्हणजे १ वर ३० शून्ये मांडून होणाऱ्या संख्येहूनही अधिक. आणि हा केवळ किमान अंदाज! सरकण्यास जागाच उरली नाही की एका दिशेत राहण्याचा लाभही संपतो. तेव्हा पूर्ण घनतेच्या अलीकडे दुसरे प्रावस्थांतर होऊन दिशाक्रम मोडलाच पाहिजे.

याचा पडताळा सोपा नव्हता. दाट जालकावर एकेक दांडी हलविणारी गणनरीत अडकून पडते. २०१३ साली जयजित कुंडू, आर. राजेश, धर व स्टिल्क यांनी सर्व आडव्या दांड्या एकदम काढून प्रत्येक ओळ एकमितीय प्रश्नाच्या अचूक संभाव्यतेनुसार नव्याने भरण्याची, व उभ्यांचेही तसेच करण्याची युक्ती योजिली. क = ७ साठी दुसरे प्रावस्थांतर सुमारे ०.९२ घनतेस आढळले व ते अखंड भासले. २०२२ साली शाह, धर व राजेश यांनी मात्र, क मोठा असता घनता तेथे उडी घेते, असे प्रतिपादिले; क = ९ च्या गणनेत दोन्ही प्रावस्था शेजारी शेजारी नांदताना दिसल्या. ७ व ९ यांतील हा भेद मूलभूत की पटाच्या मर्यादित आकाराचा आभास, हा प्रश्न आमच्या मते विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे.