उचगावहून मालवणला : समुद्र पाहावा, पोहायलाही शिकावे

मे महिना लागला की आपल्याकडे सुट्टीचा अर्थ ठरलेला असतो. मुलांनी आजोळी जायचे, बायकांनी लग्नाच्या पंगती उठवायच्या आणि पुरुषांनी कामावर जायचे. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात किंवा गांधीनगरच्या कापडपेठेत दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या माणसाला 'सहल' म्हटली की वाटते, ही बड्या लोकांची गोष्ट. वास्तविक उचगावपासून समुद्र दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला मालवण गाठता येते. तरीसुद्धा साठी-सत्तरी ओलांडलेल्या किती तरी माणसांनी समुद्र फक्त पडद्यावर पाहिला आहे.

म्हणून यंदा आमच्या गल्लीतील तीन घरांनी ठरवले, आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून दोन रात्रींसाठी मालवणला जायचे. या प्रवासातून जे पाहिले आणि जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

घाट उतरताना

कोल्हापूरहून मालवणला जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडीकडे उतरते. दुसरी राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाटाने कणकवलीस जाते. आम्ही जाताना दुसरी वाट धरली. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या धरणाचे काम सुरू केले ते राधानगरी धरण मुलांना दाखवावे, हा हेतू. पुढे दाजीपूरचे गव्यांचे जंगल लागते. घाट उतरताच हवा बदलते, अंगाला घाम सुटतो, उसाऐवजी माड आणि काजू दिसू लागतात. कणकवलीहून कसाल आणि तेथून मालवण असा रस्ता आहे. शिदोरीला भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर भडंग होते. त्यामुळे जाताना वाटेत हॉटेलचा खर्च फक्त चहाचा झाला.

तारकर्लीच्या वाळूवर पाऊल टाकताच आमच्यातली सत्तरीची आजी थबकली. "अगं पोरी, ह्येला पल्याडचा काठच दिसंना की!" एवढेच ती बोलली. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या डोळ्यांनाही हे पाणी निराळे वाटले. थोड्या वेळाने तिने स्वतःच पदर खोचला आणि सुनांचा हात धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. सुनाही मागे राहिल्या नाहीत. दोन दिवस चूल नाही, पाण्याच्या वेळा नाहीत, शाळेचा डबा नाही. एका वहिनींनी बोलून दाखवले, "लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आयतं ताट पुढ्यात आलं ते आजच." सुट्टी ही चैन नसून गरज आहे, हे समजायला एवढे एक वाक्य पुरे.

दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. चारही बाजूंना खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, याचे मुलांना फार नवल वाटले. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. रापणीची माहितीही तिथेच मिळाली. समुद्रात अर्धगोल जाळे सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचा वाटा सर्वांना मिळतो. एकट्याने न होणारे काम संघाने कसे होते, याचा हा धडाच आहे.

पाणी कुणाचे?

समुद्राकाठी बसून पाण्याची गोष्ट निघाली की महाडची आठवण येणारच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा हुकूम काढला होता. पण पाण्यासाठी झगडा फक्त आपल्याच देशात झाला असे नाही.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावी लांबच लांब समुद्रकिनारा होता, परंतु कृष्णवर्णीयांना तिथे बंदी होती. डॉ. गिल्बर्ट मेसन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १९५९ पासून आपल्या लोकांना घेऊन त्या पाण्यात उतरण्याचा सत्याग्रह सुरू केला. २४ एप्रिल १९६० रोजी जमावाने त्यांच्यावर साखळ्या आणि काठ्यांनी हल्ला चढवला. न्यायालयाच्या निर्णयाने किनारा सर्वांना खुला व्हायला १९६८ साल उजाडले. ऑस्ट्रेलियात मोरी नावाच्या गावात पोहण्याच्या तलावावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना मज्जाव होता. १९६५ साली चार्ल्स पर्किन्स हा मूळ रहिवासी तरुण सिडनीच्या विद्यार्थ्यांसह बसने तेथे गेला आणि त्या मुलांना तलावात उतरवण्यासाठी लढला. दक्षिण आफ्रिकेत दरबानसारख्या शहरांतले किनारे १९८९ पर्यंत वर्णानुसार वाटलेले होते.

आज ऑस्ट्रेलियातील एखाद्या लहानशा किनारी गावात कुटुंबे सुट्टीला जातात तेव्हा पोहण्याच्या सुरक्षित जागी लाल-पिवळी निशाणे लावलेली असतात. त्या दोन निशाणांच्या मध्येच पोहायचे, हा तिथला नियम लहान मुलालाही पाठ असतो. तिथे जीवरक्षकांची मंडळे शंभराहून अधिक वर्षे काम करीत आहेत.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. गावाकडे पोरे पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर पांगऱ्याचे लाकूड बांधून. ज्यांना विहिरीच्या काठावरही उभे करत नव्हते, त्यांची पोरे पोहणार कुठे? पाणी खुले झाले, नळ दारात आला, पण ज्या घरात आजोबाला पोहता येत नव्हते त्या घरात बापाला आले नाही आणि नातवालाही आले नाही. अमेरिकेतही पोहण्याच्या तलावांत बुडण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे, आणि बंद तलावांचा तो इतिहास याचे एक कारण मानला जातो. आमच्या तीन घरांतल्या माणसांची मोजणी केली, तेव्हा पोहता येणारे फक्त दोन निघाले. बायकांत एकही नाही.

दर्याची रीत

समुद्र म्हणजे मोठा रंकाळा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात. आपल्या जवळचीच उदाहरणे घ्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावचे ८ विद्यार्थी गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. म्हणून दर्याची रीत समजून घेतलीच पाहिजे.

भरती आणि ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येतात आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त वेगाने ओसरते. ओहोटीत पाणी आत ओढते. लाटांनी काठावर आणलेले पाणी परत जाताना कधी कधी एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने आत जाते. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास सरळ काठाकडे झुंजत येऊ नये, त्याने दम संपतो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि काठाला समांतर सरकून ओढीच्या बाहेर पडल्यावर मग काठाकडे वळावे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या मच्छीमार बांधवांना विचारावे, "दादा, आज पाणी कसं आहे?" ते 'नको' म्हणाले तर नको.

२. पोहता न येणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. लहान मुलाला हाताच्या अंतरावर ठेवावे. मोठ्यांपैकी एकाने काठावर बसून फक्त लक्ष ठेवावे आणि पाळी बदलावी. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, तो मुकाट्याने जातो.

३. दारू पिऊन पाण्यात जाणे म्हणजे मरणाला आमंत्रण. आमच्या सहलीत हा नियम बायकांनीच घातला आणि सर्वांनी पाळला.

४. होडीत जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नये. माणसे जास्त भरली असतील तर उतरावे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात.

५. कुणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी घेऊ नये. दोर, बांबू, रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, पोट दाबत बसू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा.

६. खर्चाचा बाऊ करू नये. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. तारकर्ली-देवबागला घरगुती निवासात मोठ्या खोलीत सगळे मावतात. आम्ही वर्षभर दर महिन्याला घरटी थोडी थोडी रक्कम बाजूला काढली, त्यामुळे कर्ज काढावे लागले नाही.

आता पोहणे

बंधुभगिनींनो, सहल दोन दिवसांची असते, पण शिकलेले पोहणे जन्मभर राहते. कोल्हापुरातल्या जलतरण तलावांवर शिकण्याचे वर्ग चालतात. तिथे मुलांबरोबर मुलींनाही घाला. "पोरीच्या जातीला पोहणं कशाला?" असे विचारणाऱ्याला सांगा, पाणी बुडवताना जात विचारत नाही आणि बाई-पुरुषही पाहत नाही. आमच्या तीन घरांतली पाच मुले आणि दोन वहिनी या महिन्यापासून शिकायला जाणार आहेत. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी नावे दिली आहेत.

चवदार तळ्याने पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवून दिला. त्या पाण्यात निर्भयपणे तरंगण्याची विद्या मिळवणे आता आपल्या हातात आहे. पुढच्या मे महिन्यात जे कुटुंब समुद्राला जाईल, त्याने आधीच्या दहा महिन्यांत निदान एकाला तरी पोहायला शिकवून न्यावे, एवढीच आमची विनंती.