घरचे बियाणे: तुमचे हक्क आणि वाणाची नोंदणी

छत्तीसगडच्या अनेक आदिवासी गावांत भाद्रपदाच्या सुमारास नवाखाई होते. नव्या धानाचा घास आधी देवाला, मग घराला. त्यासाठी लागणारे हळवे धान पिढ्यानपिढ्या घरीच राखलेले असते. मागच्या वर्षीची कणगी रिकामी होत आलेली असते, तेव्हा मुख्य पीक हाती येईपर्यंत हेच धान घर चालवते. रेशनवर तांदूळ मिळतो. हे बियाणे मिळत नाही. एका घराने पेरणे सोडले, तर कधी कधी तो वाण गावातूनच जातो.

डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगावचे धानाचे वाण गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. मात्र तुमच्या वाणाचा नमुना तिथे असला म्हणजे तो तुमच्या नावावर नोंदला गेला, असे नाही. नोंदणी ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ अन्वये वेगळी करावी लागते.

नोंदणी नसली तरी असलेले हक्क

• आपल्या शेतातील बियाणे राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे आणि विकणे. संरक्षित वाणाचे बियाणेही विकता येते, पण त्या वाणाचे लेबल लावून, पाकीटबंद करून विकता येत नाही.
• नोंदणीकृत वाणाचे विकत घेतलेले बियाणे सांगितल्याप्रमाणे उतरले नाही, तर प्राधिकरणाकडे भरपाईचा दावा करणे.

मग नोंदणी का करावी?

चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात निवड करत एचएमटी धान तयार केले. ते अनेक राज्यांत पोहोचले, पण त्यातून त्यांच्या हाती फारसे काही आले नाही. वाण नोंदलेला असेल, तर त्याचे बियाणे व्यापारासाठी तयार करण्याचा आणि विकण्याचा हक्क नोंदणीधारकाचा असतो. धानासारख्या पिकाला हे संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षे मिळते.

कोण अर्ज करू शकते?

एक शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा संपूर्ण शेतकरी समुदाय. वाण गावाने मिळून राखला असेल, तर अर्जही समुदायाच्या नावाने करावा. एकाच्याच नावावर नोंद झाली की पुढे वाद होतात.

अर्ज कसा करावा?

१. वाणाचे स्थानिक नाव, तो कोणत्या जमिनीत येतो, किती दिवसांत पिकतो आणि इतरांपेक्षा कशात वेगळा आहे, हे लिहून काढा. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः बियाणे राखणाऱ्या बायांना विचारा.
२. पीक नोंदणीसाठी अधिसूचित आहे का आणि अर्जाची मुदत काय आहे, हे आधी विचारून घ्या.
३. अर्जावर पुढीलपैकी एकाची शिफारस घ्या: पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, जिल्हा आदिवासी विकास कार्यालय किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक.
४. अर्ज नवी दिल्ली येथील वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण प्राधिकरणाकडे जातो. सांगितले जाईल तेवढे बियाणे चाचणीसाठी द्यावे लागते. थोडे बियाणे घरी नक्की राखून ठेवा.

शेतकऱ्यांना या कायद्याखालील कामासाठी शुल्क माफ आहे. कोणी ‘नोंदणीची फी’ मागितली, तर देऊ नका.

वाण जपल्याबद्दल पुरस्कार

पारंपरिक वाणांचे जतन करणाऱ्या समुदायांना प्राधिकरणाकडून १० लाख रुपयांपर्यंतचा, तर शेतकऱ्यांना व्यक्तिशः दीड लाख रुपयांपर्यंतचा पुरस्कार दिला जातो. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

लक्षात ठेवा

भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट आहे. सरगुजाच्या जीराफूल तांदळाला ते २०१९ मध्ये, तर धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराजला २०२३ मध्ये मिळाले. त्याने त्या भागातील उत्पादनाचे नाव जपले जाते. वाणावरचा हक्क त्यातून मिळत नाही.

नोंदणीचा कागद मिळाला तरी पेरणी थांबवू नका. वाण दरवर्षी शेतात उतरला आणि शेजारच्या दोन घरांतही पोहोचला, तर एका घरचे पीक गेल्या वर्षीही बियाणे गावातच मिळते.