केबलच्या कारखान्यातला नोव्हेंबर

हेलसिंकीत नोव्हेंबर हा कुणाचा आवडता महिना नाही. दुपारचे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. रस्त्यावरचा बर्फ धड गोठत नाही, धड वितळत नाही. बुटांखाली त्याचा नुसता राडा होतो. इंग्रजीत त्या राड्याला ‘स्लश’ म्हणतात. २००८ साली शहरातल्या काही उत्साही मंडळींनी स्टार्टअपवाल्यांची एक छोटी परिषद भरवली आणि तिचं नाव हेच ठेवलं. चार-पाच वर्षांत ती इतकी वाढली, की तिला समुद्राकाठचा एक जुना कारखाना गाठावा लागला. कापेलितेहदास हे त्याचं नाव. त्याचा अर्थ सरळ आहे, केबलचा कारखाना.

१९३९ साली या इमारतीचं काम सुरू झालं. मध्ये महायुद्ध आलं आणि बांधकाम पुरं व्हायला १९५४ उजाडलं. तेव्हा ती फिनलंडमधली सर्वांत मोठी इमारत होती. युद्धानंतर सोव्हिएत संघाला जी भरपाई मालाच्या रूपात चुकती करायची होती, तिच्यात इथली केबलही होती. समुद्राच्या तळाशी टाकायच्या केबल जिथे तयार होत, ते दालन शंभर मीटरहून लांब आहे. मैलोन्‌मैल लांबीची वस्तू बनवायची म्हणजे जागाही तशीच लागणार. याच दालनाला आज ‘सागरी केबल दालन’ म्हणतात, आणि त्याच्या लांबी-उंचीमुळेच पुढे इथे हजारोंचे मेळावे भरू शकले.

पण या वास्तूचं खरं मोल केबलपलीकडचं आहे. हा कारखाना चालवणाऱ्या केबल कंपनीचे प्रमुख ब्योर्न वेस्टरलुंड यांनी १९६० साली इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा विभाग काढला. संगणक आणले, त्यांचा वेळ भाड्याने द्यायला सुरुवात केली. अणुऊर्जेच्या क्षेत्रासाठी मोजमापाचं एक उपकरण १९६२ साली तयार केलं. पहिली कित्येक वर्षं हा विभाग तोट्यात होता, तरी वेस्टरलुंड यांनी तो मोडला नाही. १९६७ साली केबलची ही कंपनी, एक रबराची कंपनी आणि एक कागदाची कंपनी अशा तिघी एकत्र आल्या. कागदवालीचं नाव सगळ्यांना मिळालं: नोकिया. महाराष्ट्रात ज्यांनी खिशात टॉर्चवाला ११०० बाळगला, त्यांच्या त्या फोनचं मूळ या केबलवाल्यांच्या तोट्यातल्या विभागात आहे.

१९८० च्या दशकात केबलचं उत्पादन इथून हललं. रिकाम्या खोल्या चित्रकारांना, वादकांना, नर्तकांना तात्पुरत्या भाड्याने मिळू लागल्या. इमारत शहराकडे जाणार हे ठरलं तेव्हा काही भाग पाडून बाकीचे तुकडे वेगवेगळ्या कामांना द्यायचा बेत होता. भाडेकरूंनी संघटना काढली. त्यांच्यातल्या वास्तुविशारदांनी पर्यायी आराखडा करून दाखवला, की ही वास्तू अख्खी राहिली तरच तिचा उपयोग आहे. शहराला ते पटलं. १९९१ पासून महापालिकेच्या मालकीची एक कंपनी ती भाड्याच्या उत्पन्नावर चालवते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या कलावंतांची नावं येत नाहीत, यायला हवीत. ते अडून बसले नसते, तर पुढच्या मेळाव्यांना हे छप्परच राहिलं नसतं.

ते मेळावे भरले नेमके नोकियाच्या पडत्या काळात. कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये विंडोज फोनची वाट धरली आणि मीगो या मोबाइल प्रणालीवरचं काम मागे पडलं. त्या कामातल्या काहींनी बाहेर पडून योला ही कंपनी काढली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी स्लशच्या मंचावर त्यांनी आपली सेलफिश प्रणाली लोकांपुढे ठेवली. नोकियातून निघालेले लोक नोकियाच्या जन्मघरात येऊन, नवी प्रणाली घेऊन, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. या वास्तूच्या साऱ्या इतिहासात इतका हलवून टाकणारा दिवस दुसरा नसेल.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात नोकियाचा फोन व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार जाहीर झाला. ऑक्टोबरात सुपरसेल या हेलसिंकीच्याच गेम कंपनीचा ५१ टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरला गेला. आणि नोव्हेंबरात, विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्लशला सुमारे ७,००० माणसं आली. एका उन्हाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत एका छोट्या देशाने काय काय पचवलं! बाहेर चिखल-बर्फ, आत मुद्दाम केलेला अंधार, त्यात लेझरचे झोत, आणि गुंतवणूकदारांपुढे मोजक्या मिनिटांत आपली कल्पना मांडू पाहणारी विशी-पंचविशीची मुलं.

२०१४ साली गर्दी दुपटीच्या घरात गेली आणि स्लश शहरातल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रात हलली. कारखान्याला त्याने फारसा फरक पडला नाही. स्टुडिओ, संग्रहालयं, तालमीच्या खोल्या चालूच राहिल्या. २०२२ साली त्याला लागूनच नृत्यासाठी नवं भवन उघडलं. कारखान्याचं जुनं बॉयलरघर त्यातच सामावून घेतलं आहे. वाफ तयार होत होती तिथे आता नर्तकांचे प्रयोग होतात, आणि त्या जागेचं नाव अजूनही बॉयलर दालन असंच आहे.