योगासनें : नवशिक्याच्या कांहीं शंका

योगासनें शिकावयाचें मनांत आलें म्हणजे नवशिक्याची पहिली शंका बहुधा ठरलेली असते : पद्मासन घालतां येत नसेल तर योग साधेल काय? वर्षानुवर्षें खुर्चीवर बसून काम केलेल्या चाळिशीपुढील गृहस्थांना ती विशेष सतावते. वास्तविक पतंजलीच्या योगसूत्रांत, सुमारें १९५ सूत्रांपैकीं, आसनाविषयीं अवघीं तीन सूत्रें आहेत आणि त्यांत एकाही आसनाचें नांव नाहीं. बैठक स्थिर असावी व सुखकर असावी, एवढीच सूत्रकाराची मागणी. साध्या मांडीनें ती पुरी होत असेल तर पद्मासनावांचून कांहीं अडत नाहीं.

परंतु हें न मानतां पाय हातानें ओढून मांडीवर चढविणारे पुष्कळ आढळतात, आणि धोका आहे तो येथेंच. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीप्रमाणें मिटणारा व उघडणारा सांधा आहे. पीळ सोसण्यासाठीं तो घडलेला नाहीं. पद्मासनांत मांडी बाहेर वळते ती खुब्याच्या सांध्यांत. खुबा आंखडलेला असला म्हणजे तो पुरता वळत नाहीं, आणि ओढलेल्या पायाचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्यांत हाडांच्या मध्यें कूर्चेच्या अर्धचंद्राकृति गाद्या असतात. त्या अशा वेळीं फाटूं शकतात, आणि त्यांच्या बऱ्याचशा भागास रक्ताचा पुरवठा नसल्यानें त्या सहजासहजीं सांधत नाहींत. मांडीच्या स्नायूंस ताण बसला तर भिण्याचें कारण नाहीं; सांध्याच्या आंत टोंचल्यासारखें दुखलें तर मात्र पाय तत्काळ सोडावा. बैठकीखालीं घोंगडीची जाड घडी घेतली तर गुडघे पुष्कळसे खालीं येतात व पाठीचा कणा ताठ ठेवणें सोपें जातें.

दुसरी शंका पद्धतींविषयीं. खरा योग कोणता, असें विचारणाऱ्यास हें सांगावें लागतें कीं आसनें बहुतेक तींच, शिकविण्याचा रोख वेगळा. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व नौलि, उड्डियान यांसारख्या क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनीं मोजण्यास आरंभ केला. तेथील शिकवणीचा भर आसनांत सावकाश जाऊन स्वस्थ राहण्यावर आहे. म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचे दोन शिष्य मात्र अगदीं निरनिराळ्या वाटांनीं गेले. १९३७ सालीं पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनीं प्रत्येक आसनांतील अंगाच्या ठेवणीकडे बारकाईनें लक्ष पुरविलें, आणि ज्यांचें शरीर वळत नाहीं त्यांच्यासाठीं दोर, पट्टे, लांकडी ठोकळे व खुर्च्या वापरांत आणल्या. म्हैसुरांतच राहिलेल्या पट्टाभि जोइसांनीं श्वासाच्या तालावर एकामागून एक आसनें ठराविक क्रमानें करण्याची पद्धति चालविली. तींत घाम फार गळतो. आंखडलेल्या प्रौढ माणसानें पहिल्या दोहोंपैकीं एकीनें आरंभ करणें बरें. पंचविशींतल्या चपळ तरुणास तिसरीचा मोह पडला तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

सूर्यनमस्कारांचा प्रश्न महाराष्ट्रांत हटकून निघतो. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांचा हिरिरीनें प्रसार केला. हठप्रदीपिकेंत वर्णिलेल्या पंधरा आसनांत ते नाहींत. पण म्हणून कोणी ते सोडावेत असें नव्हे.

उरलेल्या शंका थोडक्यांत उरकण्याजोग्या आहेत. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊं द्यावे. शीर्षासनानें डोळ्यांतील दाब बराच वाढतो. म्हणून काचबिंदु किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये, व हृद्रोग्यांनीं श्वास कोंडून धरूं नये. गरोदर स्त्रियांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. पुस्तकांतील चित्रें पाहून आसन कळतें, पण स्वतःची वांकडी पाठ स्वतःस दिसत नाहीं. निदान पहिले कांहीं महिने शिक्षक हवाच.

हठप्रदीपिकेनें त्या पंधरांत ज्यास स्थान दिलें तें शवासन मात्र घाईच्या घरांत पहिल्यानें गळतें. नुसतें पडून राहण्यास वेळ कोणाला आहे, असें म्हणून माणूस उठतो व आंघोळीस धांवतो. आसनांसाठीं वीस मिनिटें काढलीं असतील तर त्यांतलीं शेवटचीं पांच शवासनास द्यावींत. श्वास मंद होतो, जबडा सैल पडतो, आणि आपण दिवसभर दांत आवळून वावरतों हें पुष्कळांना प्रथम तेव्हांच कळतें.