खाणीत आधी गवत

दगडखाण बंद पडली की तिथं झाडं लावावीत, हे कुणीही सांगेल. जूनमध्ये खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, फोटो काढायचे की झालं. माझी सगळी नोकरी पशुवैद्य म्हणून गेली. त्यामुळे अशा जागी गेलो की माझी नजर आधी गवत शोधते, आणि पुण्याभोवतीच्या खाणींपुरतं बोलायचं तर तेच बरोबर आहे असं माझं मत आहे.

सुरुंग लावून डबर काढायचा, क्रशरवर खडी पाडायची आणि ब्रासच्या हिशेबानं बांधकामावर पोचवायची, हा धंदा शहराबरोबर वाघोली, मोशी, बावधन अशा बाजूंना पसरत गेला. मागं उरले उभ्या कड्यांचे खड्डे. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी साचतं, लोक फिरायला जातात. सगळ्याच खाणींचं नशीब असं नसतं. काहींत राडारोडा येऊन पडतो.

खाणीआधी तिथं काय होतं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. शहराच्या पूर्वेला पाऊस कमी होत जातो. वर वीतभर मुरमाड माती, खाली काळा पाषाण. तिथं माळ होता. सरकारी कागदावर बऱ्याचदा ‘पडीक’, पण मेंढरं, ससे, चंडोल, लांडगे यांचा भरलेला संसार. असा माळ शाबूत पाहायचा असेल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य पाहा. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा तिथं मोकळेपणी चरताना दिसतो.

८ जानेवारी २०२० रोजी खाण संपल्यावर जमिनीचं काय करायचं, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयानं हात घातला. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेत सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्य कांत यांच्या पीठानं सांगितलं, की खाणकाम थांबल्यावर पट्टेदारानं त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवावं आणि चारा, वनस्पती, प्राणी यांना जगता येईल अशी जमीन करून द्यावी; ही अट केंद्र सरकारनं खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात घालावी. दोन न्यायमूर्ती विदर्भातले, म्हणजे खाणी आणि गुरं दोन्ही पाहिलेल्या मुलखातले. आदेशात शब्द झाडांचा नव्हे, गवताचा आला, याचं मला फार समाधान वाटलं.

पण गवत आदेशानं उगवत नाही. उभ्या कड्यावर कुरण होत नाही. तिथं कुंपण हवं, नाहीतर माणूस आणि मेंढरू दोन्ही जातात. कुरण होतं ते खाणीच्या सपाट तळावर, क्रशरच्या आवारात, डंपरच्या रस्त्यांवर आणि मुरमाच्या ढिगांवर. तिथली जमीन चाकांखाली दडपून फरशीसारखी झालेली असते. वर क्रशरची भुकटी बसलेली. पहिल्या पावसात तिचा लगदा होतो, उन्हात पापुद्रा धरतो. बी वरच राहतं आणि मुंग्या घेऊन जातात. म्हणून आधी जमीन खोल फोडायची, उताराला आडवे चर काढायचे, मग माती पसरायची.

ही माती आणायची कुठून? खाण सुरू करताना वरचा जो थर खरवडून काढतात तीच ही माती. ती बाजूला, कमी उंचीच्या ढिगात, वर गवत धरून राखली तर तिच्यात जीव राहतो. उंच ढीग रचला की आतली माती हवेवाचून मरते. बहुतेक वेळा मात्र ती भरावाला जाते, आणि मग शेवटी विकतची माती आणून त्यावर रोपं उभी करतात. टँकर थांबला की रोपंही थांबतात.

गवताच्या बियाचंही तंत्र आहे. आपल्या माळावरची कुसळी घ्या. तिच्या दाण्याला लांब, पिळाचं कुसळ असतं. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला की ते गरगर उलगडू लागतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. असं फिरत फिरत ते दाण्याला मातीत रोवतं. हेच कुसळ मेंढीच्या तोंडात, डोळ्यात, कातडीत घुसतं. चिमट्यानं अशी कितीतरी काढली आहेत मी. म्हणून नुसती कुसळी नको. बरोबर मारवेल, पवन्या आणि द्विदल म्हणून थोडं स्टायलो हवं. यातल्या बऱ्याच गवतांचं ताजं बी लगेच रुजत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. हिवाळ्यात गोळा करायचं, शेणमातीच्या गोळ्यांत घालायचं आणि मृगाच्या तोंडावर टाकायचं.

पहिली दोन-तीन वर्षं चराई बंद. गवत कापून न्यायचं, तेही बी झडल्यावर. त्यानंतर मात्र जनावर आत यायलाच हवं. फलटण, पुरंदरकडचे धनगर दिवाळीनंतर वाडे घेऊन कोकणाकडे निघतात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतात. तेच इथं करता येईल. रात्री वाघर लावून कळप बसवला की लेंडी आणि मूत फुकटात पडतं, खुरांनी जमीन मोकळी होते. एका वयस्कर धनगराला मी हे बोललो तर तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आमाला बसाया जागा द्या, गवताचं आमी बघतो. पर धुरळ्याचं नगं. त्येनं दात जात्यात.” खरंच आहे. भुकटी बसलेला पाला मेंढी नाखुशीनं खाते आणि तिचे दात लवकर झिजतात. शेजारचा क्रशर चालू असेल तर कुरणाची घाई करू नये.

अमेरिकेत १९७७ पासून कोळसा खाणींना जमीन पूर्ववत करण्याची हमी म्हणून आधीच पैसे किंवा हमीपत्र द्यावं लागतं. आपल्याकडे आदेश आला आहे. त्यामागं पैसा आणि तपासणारा माणूस उभा राहायला हवा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं भाषणं होतील. माझी मागणी लहान आहे. तुमच्या गावात नव्या खाणीची जनसुनावणी असेल तर किती झाडं लावणार हे विचारू नका. वरची माती कुठं ठेवणार, ते नकाशावर दाखवायला सांगा, आणि दरवर्षी जाऊन तो ढीग जागेवर आहे का बघा.